होमस्टेचं लायसन: गावच्या घरासाठी नेमकं काय काय लागतं? (मालवण आणि गोवा)

खाजणकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज कामासाठी धागा काढतोय. आमचं घर देवबागला, तारकर्लीच्या पुढे जी चिंचोळी पट्टी आहे ना, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, तिथे. आई-बाबा तिथेच असतात, मी ठाण्याला. भावाच्या लग्नात मागच्या पडवीच्या जागी दोन खोल्या काढल्या होत्या, संडास-बाथरूम आतच, आता त्या रिकाम्याच असतात आणि आई म्हणते सीझनला लोक दारात येऊन विचारतात खोली आहे का, जेवण मिळेल का, मग आपण का नाही करायचं. वाडीत अर्धे लोक करतातच, कोणाकडे कागद आहेत कोणाकडे नाहीत. पण एका बुकिंग ॲपवर घर टाकायला गेलो तर त्यांनी रजिस्ट्रेशन नंबर मागितला आणि तिथून घोळ सुरू झाला. पंचायतीत विचारलं तर आमचा ना हरकत दाखला घ्या, बाकी टुरिझमवाल्यांना विचारा. एक म्हणतो एमटीडीसी (राज्याचं पर्यटन महामंडळ), दुसरा म्हणतो एमटीडीसीकडे आता काही नाही. त्यात मावसभावाचा पर्वरीला फ्लॅट आहे, बंदच असतो, तो म्हणतोय माझाही टाक तुझ्याबरोबर, नियम सारखेच असणार. सारखेच आहेत का? आणि दोन खोल्यांना जीएसटी वगैरे भानगड लागते का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज. "एजंट गाठा" एवढं सांगू नका, एजंटने सांगितलेला आकडा ऐकून बाबांनी फोनच ठेवून दिला.

चिवल्याचो
आधी माका एक सांग, घर कोणाच्या नावार आसा? आजोबांचा नाव अजून असात तर लायसनाचा मगे बघूया. चुलते, आत्ये, त्यांचे झील, सगळ्यांचे सह्यो लागतले. मुंबैचो चुलतो मे म्हयन्यात येऊन फणस खाऊन जाता, तेव्हा काय बोलना नाय, पण खोलयेचे पैसे येवक लागले काय त्येका बरोब्बर हिस्सो आठवता. लायसन येतला आणि घर जातला!

चेष्टा बाजूला, पण आमच्याकडे दोन घरांची फाइल ह्याच एका गोष्टीवर अडकलेली मी बघितली आहे.

अंगणवाला
गुहागरजवळ आमच्या तीन खोल्या आहेत, मी आणि बायको स्वतः चालवतो म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात तुमच्यासारख्यांसाठी जी योजना आहे ती 'निवास व न्याहारी'. ती बरीच वर्षं एमटीडीसीने चालवली म्हणून गावात अजून सगळे एमटीडीसीचं लायसनच म्हणतात. नोंदणीचं काम आता पर्यटन संचालनालयाकडे आहे, अर्ज त्यांच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जातो. सगळ्यात मुख्य अट काय तर मालक किंवा त्याचं कुटुंब त्याच घरात राहायला पाहिजे. केंद्र सरकारची बेड अँड ब्रेकफास्टची योजना आहे तिच्यातही तेच, एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा, आणि मालक त्याच घरात. म्हणजे आई-बाबा देवबागला राहतात ही तुमची जमेची बाजू, खोल्या कितीही चकाचक केल्यात तरी ही अट नसेल तर अर्ज ह्या योजनेत बसतच नाही.

कागद म्हणाल तर घराचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची चालू पावती, ग्रामपंचायतीचा ना हरकत, पोलीस ठाण्याचा दाखला, ओळखपत्रं, लाइटबिल, खोल्यांचे फोटो, साधा नकाशा. जिल्ह्यागणिक एखादा कागद इकडेतिकडे होतो, पण ह्याच्या आसपास. पोलिसांच्या दाखल्याला वेळ लागतो म्हणून तो अर्ज पहिल्यांदा टाका.

मग तपासणीला येतात. आमच्याकडे जे साहेब आले त्यांनी चादरी, पडदे, टीव्ही ह्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. बाथरूममध्ये गेले, बादलीभर पाणी लादीवर ओतलं आणि बघत उभे राहिले, पाणी जाळीकडे जातंय की दाराकडे. आलं दाराकडे! म्हणाले उतार काढून घ्या, मग फोन करा. त्याच फेरीत गिझरचं अर्थिंग बघितलं, सेप्टिक टँक आणि विहिरीतलं अंतर पावलांनी मोजलं, खिडकीला जाळी आहे का, आतली कडी नीट लागते का. बायकोने ओटीवर सजवून ठेवलेल्या पितळी समया तशाच राहिल्या.

पाहुण्यांची वही पाहिजेच. नाव, पत्ता, कुठून आले, कुठे चालले, ओळखपत्राची प्रत. पासपोर्ट परदेशी असेल तर आल्यापासून २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा, हा नियम पंचतारांकित हॉटेलला आहे तसाच दोन खोल्यांच्या घरालाही आहे, लोक इथेच ढिले पडतात. तुमच्याकडे स्कूबाला परदेशी येतात म्हणून मुद्दाम सांगतोय. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी, छोट्यांना वर्षाला शंभर रुपये, मोबाइलवर होते.

सडेतोड
वाचूनच दमलो. माझं घर, माझी खोली, माझा पाहुणा. सरकारला मधे कशाला घ्यायचं? १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर इथलं पर्यटन कोणी उभं केलं, कागदांनी की वाडीतल्या बायकांनी घावणे घालून? जो आपली मागची खोली हजार-दीड हजाराला देतो त्याला नकाशा आणा, दाखला आणा, आणि गावात येऊन तीन मजली हॉटेल बांधणाऱ्याला सगळं घरपोच. लायसन म्हटलं की चिरीमिरी आली. माझं मत विचाराल तर पाच खोल्यांपर्यंत काहीही लागू नये, नुसतं पंचायतीला कळवलं की पुरे.

बंगल्याशेजारची
सडेतोड, तुम्ही एक महिना आमच्याकडे राहायला या, मग बोलू.

लोणावळ्यात राहते, चौतीस वर्षं. आमच्या गल्लीत पूर्वी सगळे बंगले म्हणजे मुंबईकरांची सुट्टीची घरं, माळी असायचा, माणसं सणाला यायची. आता त्यातले कितीतरी शनिवार-रविवार भाड्याने जातात आणि मालक कोण ते आम्हाला माहीत नाही, केअरटेकर एकच, तो चार बंगल्यांच्या किल्ल्या घेऊन फिरतो आणि रात्री फोन बंद. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या येतात, डिकीतून सगळ्यात आधी स्पीकर उतरतो. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून देशभर आहे, पण तो पाळायला लावणार कोण, मीच ११२ ला फोन लावणार, मीच गेट उघडून पोलिसांना घर दाखवणार, आणि ते गेले की परत सुरू. पूलमध्ये बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचतो आपण, तिथे जीवरक्षक सोडा, खोली किती फूट ते लिहिलेलं नसतं. कचरा कोणाच्या दारात? माझ्या.

मला खाजणकाठ यांच्या आईबद्दल काहीच म्हणायचं नाही, त्या घरात आहेत, पाहुणे ओरडले तर त्यांचीच झोप मोडणार, त्या बघतील. मला राग आहे तो ज्या घरात कोणीच नाही त्या घराचा. तुमच्या "पाच खोल्यांपर्यंत काही नको" मध्ये हे बंगले आरामात बसतात बरं का.

म्हापश्याचा
गोव्याचं मी सांगतो. मावसभावाला म्हणावं नियम सारखे नाहीत, मुळात कायदाच वेगळा आहे.

आमच्याकडे १९८२ चा टुरिस्ट ट्रेड नोंदणीचा कायदा आहे. हॉटेल, गेस्ट हाऊस, पेइंग गेस्ट, ट्रॅव्हल एजंट, टॅक्सीपासून फोटोग्राफरपर्यंत, टुरिस्टांकडून पैसे घेणाऱ्या धंद्यांना तो लागतो. खोल्यांच्या संख्येवर ए, बी, सी, डी असे वर्ग, घरगुती मंडळी बहुतेक सगळी डी मध्ये. नोंदणी पर्यटन खात्याकडे, पणजीला पाटोवर पर्यटन भवन आहे तिथे, अर्ज ऑनलाइन होतो. इथे फरक बघा, तुमच्याकडे निवास-न्याहारी ही योजना आहे, गोव्यात नोंदणी ही कायद्याने सक्ती आहे आणि नोंदणीशिवाय धंदा करणं हा गुन्हा धरतात. "मी फक्त दिवाळी-नाताळला देतो" हे उत्तर चालत नाही. खातं ऑनलाइन जाहिराती बघून नोटिसा काढतं हे आता इथे सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे नंबर हातात आल्यावरच लिस्टिंग टाका आणि तो नंबर त्यात लिहा.

कागदांत घराचं वन-फोर्टीन (म्हणजे इथला सातबारा), फ्लॅट असेल तर सेल डीड आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, हाऊस टॅक्सची पावती, पंचायतीची एनओसी. आणि इथला एक खास मुद्दा जो बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे, लग्न इथल्या पद्धतीने नोंदलेलं असेल तर मिळकत सहसा नवरा-बायको दोघांची धरतात, म्हणून कुठल्याही कागदावर दोघांच्या सह्या असलेल्या बऱ्या. तुमचा मावसभाऊ महाराष्ट्रात लग्न झालेला असेल तर त्याचं वेगळं, ते वकिलाला विचार म्हणावं.

पण खरी अडचण सोसायटी. पर्वरीची बहुतेक कॉम्प्लेक्स राहती आहेत, पणजीत नोकरी करणारे लोक, म्हातारी माणसं. रात्री दोनला मोपाच्या फ्लाइटने उतरलेली मंडळी बॅगा घसटत लिफ्टशी आली की दुसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग. सोसायटीचं लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि थोडं कडू बोलतो, आमच्या भागात नर्स, शिक्षक, बँकेत बदलून आलेला माणूस ह्यांना वर्षाच्या करारावर फ्लॅट मिळेनासा झालाय, मालक म्हणतो मे महिन्यात रिकामा कर. त्यामुळे बंद फ्लॅट टुरिस्टांना देण्यापेक्षा माणसाला राहायला दिला तर मला जास्त आनंद होईल. अर्थात फ्लॅट त्याचा.

सडेतोड
@बंगल्याशेजारची, तुमचा त्रास कळतो पण तो आवाजाचा नियम आहे, लायसनचा नाही. नियम आधीच आहे, पाळला जात नाही. आता अजून एक नियम केला की तोही पाळला जाणार नाही, फरक एवढाच की प्रामाणिक माणूस फी भरून बसेल.

बंगल्याशेजारची
फरक असा की लायसन असेल तर ते काढून घेता येतं. आवाजाचा दंड पाहुणा भरतो आणि सोमवारी मुंबईला जातो. मालकाला काय फरक पडला? पुढच्या शुक्रवारी नवे पाहुणे.

जर्सीकर
आत्ता वरचा मुद्दा वाचून राहवलं नाही. मी जर्सी सिटीत राहतो, नदीपलीकडे न्यूयॉर्क. आमच्याकडे हे सगळं रामायण होऊन गेलंय.

न्यूयॉर्क शहराने लोकल लॉ १८ आणला, अंमल सुरू झाला ५ सप्टेंबर २०२३ ला. ३० दिवसांपेक्षा कमी भाड्याने द्यायचं तर शहराकडे नोंदणी, फी १४५ डॉलर. मालकाने पाहुणे असताना स्वतः घरात हजर राहायचं, एका वेळी जास्तीत जास्त दोन पाहुणे, आणि मधल्या दारांना कुलूप लावायचं नाही, पाहुण्याला सगळ्या घरात वावरता आलं पाहिजे. विचार करा, तुमच्या हॉलमधून अनोळखी माणूस फ्रीज उघडायला चाललाय! पण मुद्दा चलाखीचा आहे, अशी अट घातली की ज्याचं ते राहतं घर नाही त्याला धंदाच करता येत नाही. शिवाय नोंदणी नसलेल्या घराचं बुकिंग घेतलं तर दंड प्लॅटफॉर्मलाही, त्यामुळे त्यांनी स्वतःच हजारो लिस्टिंग काढून टाकली. सडेतोड म्हणतात नियम पाळला जात नाही, तर पाळला कसा गेला त्याचं उत्तर हे आहे, पैसे ज्याच्या हातातून जातात त्यालाच जबाबदार धरलं.

आमच्या जर्सी सिटीत तर २०१९ च्या नोव्हेंबरात सार्वमत झालं ह्यावर. एअरबीएनबीने चाळीस लाख डॉलरच्या वर प्रचारात घातले, टीव्ही लावला की तीच जाहिरात, आणि तरी लोकांनी मोठ्या फरकाने नियमांच्या बाजूने मत दिलं. मालक तिथे राहत नसेल तर वर्षाला ६० रात्री, भाडेकरूने परत भाड्याने द्यायचं नाही, चारपेक्षा जास्त घरांच्या बिल्डिंगमध्ये बंदी. आमच्या मराठी ग्रुपमधल्या दोघातिघांनी त्याआधी खास ह्याच धंद्यासाठी कॉन्डो घेतले होते, त्यांचे हप्ते अंगावर आले. त्यांच्याबद्दल वाईट वाटतं पण त्याच मजल्यावर लहान मुलं घेऊन राहणारे आम्ही पण होतो.

सगळ्यांनाच हे पटलंय असं नाही हं. हॉटेलचे रेट वाढले आणि घरभाडी काही उतरली नाहीत असं म्हणणारे इथे भरपूर आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

लीथवाली
म्हापश्याचा यांचं १९८२ वाचून हसले. स्कॉटलंडमध्ये शॉर्ट-टर्म लेटचं लायसन ज्या मूळ कायद्याखाली देतात तोही १९८२ चाच, त्याला २०२२ मध्ये आदेश काढून हे जोडलं. जुने होस्ट होते त्यांना अर्जासाठी १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुदत होती.

मी एडिनबरात राहते, एक खोली ऑगस्टच्या फेस्टिव्हलला देते म्हणून ह्यातून गेले आहे. इथे लायसनचे प्रकारच तसे पाडलेत, तुम्ही राहता त्या घरातली खोली देणं वेगळं, तुम्ही सुट्टीवर गेल्यावर आपलं राहतं घर देणं वेगळं, आणि जिथे तुम्ही राहतच नाही ते घर देणं वेगळं. शेवटच्याला एडिनबरात प्लॅनिंगची परवानगीही लागू शकते कारण सप्टेंबर २०२२ पासून सगळं शहरच नियंत्रण क्षेत्र जाहीर केलंय. गॅस, वीज, आग ह्यांची सर्टिफिकेटं, पाण्याच्या टाकीत जिवाणू होऊ नयेत म्हणून तपासणी, सगळं रीतसर. आणि अर्ज केला की घराबाहेर २१ दिवस नोटीस लावून ठेवायची, म्हणजे शेजाऱ्यांना हरकत घेता येते. माझ्या जिन्यातल्या एक आजीबाई रोज येता-जाता चष्मा काढून ती नोटीस वाचायच्या, अक्षर न् अक्षर, मला वाटलं आता हरकत आलीच. शेवटी एकदा विचारलं त्यांनी, खोली किती पौंडाला देतेस? त्यांना स्वतःची द्यायची होती.

कौन्सिलने जरा जास्तच ताणलं तेव्हा कोर्टात गेलं प्रकरण. जुन्या दगडी इमारतींच्या सामाईक जिन्यातले फ्लॅट मालक राहत नसेल तर मुळात नाकारायचेच, मालकाने उलट पटवून द्यावं, असं धोरण होतं, ते २०२३ मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरवलं. म्हणजे नगरपालिका मनात येईल ते करू शकते असंही नाही.

सडेतोड
परदेशातलं बरोबर असेल पण तिथे प्रॉब्लेम वेगळा आहे. बार्सिलोना तर २०२८ पर्यंत सगळीच, दहा हजारांच्या वर टुरिस्ट फ्लॅटची लायसन्स संपवणार म्हणतेय, कारण तिथे माणसांना राहायला घरं नाहीत. कोकणात उलट आहे हो! घरं आहेत, माणसं नाहीत. गावात फिरा, दर तिसऱ्या घराला कुलूप आणि अंगणात रान. चार पाहुणे आले तर कौलं तरी शाकारली जातील. तिथले नियम इथे चिकटवू नका एवढंच.

म्हापश्याचा
हे मात्र पटलं. पण सडेतोड, तुमचं हे देवबागला लागू आहे, पर्वरीला नाही आणि लोणावळ्याला तर नाहीच नाही. म्हणून तर म्हणतो की एका राज्यात सुद्धा एकच नियम चालणार नाही. आणि कुलपं उघडली तर बरंच, पण ती कोण उघडतंय ते बघा. घरवाला परत येऊन उघडत असेल तर त्याला सरकारने फी माफ करावी, मी सही करतो. बाहेरची कंपनी ओळीने दहा घरं घेऊन उघडत असेल तर ते हॉटेलच झालं, फक्त कौलारू.

सीए_मावशी
करांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी. थोडक्यात सांगते, प्रत्येकाची केस वेगळी असते, आपल्या सीएला विचारल्याशिवाय रिटर्न भरू नका.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की. दोन खोल्यांत तेवढे होत नाहीत, बिनघोर राहा. पण ॲपवरून बुकिंग आलं तर खोलीवरचा जीएसटी ॲपवाला स्वतः ग्राहकाकडून घेतो आणि भरतो, तुमची नोंदणी नसली तरी, त्यामुळे पाहुणा म्हणाला "मी टॅक्स भरलाय" तर भांडू नका, भरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचे साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे, आधी १२ होता. थेट फोनवर आलेल्या पाहुण्याकडून नोंदणी नसताना "जीएसटी एक्स्ट्रा" म्हणून पैसे घ्यायचे नाहीत, काही जण सर्रास घेतात, हा सरळसरळ गुन्हा आहे.

ॲपवाला टीडीएस कापतो, आता तो ०.१ टक्का आहे, आणि वर्षाला पाच लाखांच्या आत असाल आणि पॅन दिला असेल तर तोही नाही. पैसे आईच्या खात्यात घेणार असाल तर उत्पन्न आईचं दिसेल, मग घर कोणाचं, लायसन कोणाच्या नावावर, खातं कोणाचं हे तिन्ही एका रेषेत ठेवा. पहिल्या वर्षी हे कोणी बघत नाही, तिसऱ्या वर्षी नोटीस आली की मग सगळे माझ्याकडे येतात. अजून एक, घराचा विमा असेल तर पॉलिसी वाचा, धंद्यासाठी वापर चालू केला आणि कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी अडतं.

भरतीरेषा
देवबाग म्हटल्यावर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं, कोणी का नाही बोललं? तिथे समुद्र एका बाजूने आणि भरतीचं पाणी चढणारी नदी दुसऱ्या बाजूने, म्हणजे दोन्हीकडून सीआरझेड. २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना, मच्छीमारांसकट, आपल्या घरात होमस्टे करायला मुभा आहे, पण अट काय तर जोत्याचं क्षेत्र, घराची रचना आणि दर्शनी रूप बदलायचं नाही. आहे त्या घरात करा. नवीन मजला, पुढे वाढवलेला स्लॅब, समुद्राकडे काढलेली बाल्कनी हे त्या मुभेत येत नाही. खाजणकाठ, तुम्ही लिहिलंय "पडवीच्या जागी खोल्या काढल्या". जुन्या जोत्यावर काढल्या की जोतं वाढवून? परवानगी घेतली होती का? पंचायतीच्या नोंदीत ती वाढ दिसते का? तुमचा सगळा अर्ज ह्यावर उभा आहे, लादीचा उतार नंतर.

खाजणकाठ
सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, चिवल्याचो यांची पोस्ट दोनदा वाचायला लावली.

@भरतीरेषा, जोतं जुनंच आहे, पडवीचं चिऱ्याचं जोतं तसंच ठेवून वर भिंती उचलल्या आणि कौलं परत चढवली. पंचायतीचा दाखला आहे असं बाबा म्हणतात, कपाटात शोधतायत. नमुना ८ मध्ये नोंद नवीन झालीय की नाही ते सोमवारी बघणार. @चिवल्याचो, घर बाबांच्या नावावर आहे पण जागेच्या सातबाऱ्यावर तीन चुलते आणि एक आत्या अजून आहेत. दोन काकांचं काही नाही, ते हो म्हणालेच. आत्या वसईला असते, तिला मी स्वतः जाऊन भेटणार, फोनवर नको असं आईचं म्हणणं. पर्वरीचं मावसभावाला सांगितलं, तो जरा नाराज झाला पण सोसायटीला पत्र देतो म्हणाला.

एकच शंका राहिली. पावसाळ्यात आई-बाबा दोन महिने माझ्याकडे ठाण्याला असतात. तेव्हा घर शेजारच्या काकींच्या हवाली. त्या काळात पाहुणे घेतले तर चालतील का?

अंगणवाला
माझं प्रामाणिक मत, घेऊ नका. निवास-न्याहारीत कुटुंब घरात असण्यावरच सगळं आहे, ते नसताना तपासणी झाली तर उत्तर काय देणार? शिवाय पावसात तुमच्याकडे स्कूबा, होड्या सगळं बंद, पाहुणे असे किती येणार. तोच वेळ खोल्यांच्या कामाला वापरा, पावसातच कळतं कुठून गळतंय.

बंगल्याशेजारची
+१. आणि काकींना रात्री कोणी उठवलं तर त्या तुमच्या आईला वर्षभर ऐकवतील.

चिवल्याचो
आत्येक भेटाक जातलंय तर रिकाम्या हातान जाव नको. सुके बांगडे घेऊन जा देवबागचे. सही हटकून मिळतली.

कलमीबाग
मधेच घुसतोय, माफ करा. दापोलीजवळ आमची आंब्याची बाग आहे, बागेत साधी दोन खोल्यांची चिऱ्याची इमारत. आम्ही तिथे राहत नाही, गडी असतो. वरची चर्चा वाचून निवास-न्याहारीत बसत नाही असं दिसतंय. कृषी पर्यटनात बसेल का? भावाचं म्हणणं त्याला घरात राहायची अट नाही.

अंगणवाला
कृषी पर्यटनाचं धोरण २०२० चं आहे, त्यात किमान एक एकर शेती पाहिजे आणि अर्जदार शेतकरी पाहिजे, पाहुण्यांना शेतीचा अनुभव द्यायचा अशी मूळ कल्पना. नुसती खोली देऊन चालणार नाही, बाग दाखवा, काढणी दाखवा, जेवण घरचं. तुमच्या गड्याला पाहुण्यांशी बोलता येतं का? बाग किती आहे आणि सातबारा कोणाच्या नावावर, तेवढं लिहा म्हणजे पुढचं सांगतो.

कलमीबाग
बाग पावणेदोन एकर. सातबारा आजोबांच्या नावावर.